समन्स कन्नडमध्ये, साक्षीदार कराडचा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कराडचा. वय ६३. हार्डवेअरचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये हुबळीचं एक लग्न उरकून मी आणि सौ. गाडीनं परत येत होतो. धारवाड सोडल्यावर हायवेवर आमच्या डोळ्यांदेखत एका ट्रकनं मोटारसायकलला मागून उडवलं. मागे बसलेल्या मुलाला मी माझ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला, चालवणारा गेला. पोलिसांनी दवाखान्यातच माझं नाव-गाव विचारलं आणि कन्नडमध्ये काहीतरी लिहून घेतलं. त्यानंतर चार वर्षं कुणी विचारलं नाही.

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर कन्नडमधली एक पीडीएफ आली. हल्ली डिजिटल अरेस्टचे इतके प्रकार चाललेत की भीतीनं मी ती पुसूनच टाकली. आता परवा आपल्याच पोलीस ठाण्याचा हवालदार कागद घेऊन दारात आला आणि सही घेऊन गेला. तारीख चोवीस दिवसांनी आहे. न्यू जर्सीतला पुतण्या म्हणतो, ‘काका, दुसऱ्या राज्याच्या कोर्टाचं समन्स तुमच्यावर बंधनकारकच नाही.’ दुकानात येणारे एक जण म्हणाले, साठीच्या पुढच्या माणसाला असं बोलावताच येत नाही. त्यात काल एका अनोळखी माणसाचा हिंदीत फोन आला. ‘अंकल, इतनी दूर क्यों आते हो, हम देख लेंगे.’ माझे दोन्ही गुडघे गेलेत. गेलो नाही तर काय होईल? आणि सौ. गाडीतच होती, तिलाही बोलावतील का?

– एक वाचक, कराड

नमस्कार.

पत्र वाचताना मला आमच्या नाझर कार्यालयातलं टेबल आठवलं. कोर्टातल्या ३२ वर्षांच्या नोकरीत बरीच वर्षं माझ्या हाताखालून समन्सच जायची, बजावलेली आणि न बजावता परत आलेली. परत आलेल्यांवरचे शेरे मला अजून पाठ आहेत: ‘घरास कुलूप’, ‘इसम परगावी’, ‘घेण्यास नकार’. ज्यांनी नकार दिला ते बहुतेक तुमच्यासारखेच होते. गुन्हा त्यांनी केलेला नसायचा, घाबरलेले मात्र असायचे. तुम्ही सही करून कागद घेतलात, हे बरं झालं. टपालानं आलेलं समन्स साक्षीदारानं नाकारलं, तरी पोस्टमनच्या शेऱ्यावरून ते बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं. म्हणजे दार न उघडून काही वाचत नाही.

आधी पुतण्याचं बघू. तो खोटं बोलत नाहीये. तो राहतो तिथला कायदा सांगतोय. अमेरिकेत प्रत्येक राज्याची न्यायव्यवस्था वेगळी आणि एका राज्याच्या कोर्टाचा हुकूम सहसा त्या राज्याच्या हद्दीपाशी थांबतो. दिवाणी दाव्यात बाहेरच्या राज्यातल्या माणसाची जबानी हवी असेल, तर तो कागद साक्षीदाराच्या काउंटीतल्या कोर्टाच्या क्लार्ककडे द्यायचा आणि त्यानं आपल्या कोर्टाचं समन्स काढायचं. यासाठी २००७ साली एक नमुना कायदा तयार झाला आणि बहुतेक राज्यांनी तो घेतला. फौजदारी खटल्यात तर बोलावणाऱ्या राज्याचा न्यायाधीश आधी दाखला देतो. मग साक्षीदाराच्या राज्यातला न्यायाधीश त्याला समोर बोलावून बघतो, की साक्ष खरंच गरजेची आहे का आणि या माणसाला जाण्यात फार त्रास आहे का. त्या जुन्या कायद्याच्या मूळ मसुद्यात साक्षीदाराला मैलामागे १० सेंट आणि दिवसाला ५ डॉलर द्यायचे, असंसुद्धा लिहून ठेवलंय. मला ते वाचून हेवा वाटला होता. दराचा नाही, कुणीतरी ते आधीच लिहून ठेवलं याचा.

आपल्याकडे तसं नाही. राज्यं वेगळी असली, तरी फौजदारी संहिता अख्ख्या देशाला एकच आहे. धारवाडकडचे मॅजिस्ट्रेट आपल्या हद्दीबाहेरच्या माणसाला समन्स काढतात तेव्हा साधारणपणे त्याच्या दोन प्रती तुमच्या भागातल्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात आणि तिथून पोलिसांकरवी ते बजावलं जातं. म्हणून तर आपल्याच ठाण्याचा हवालदार आला. आणि वॉरंट निघालं, तर ते भारतात कुठेही बजावता येतं. निपाणीचा नाका ओलांडला की कोर्टाचा हात आखूड होतो, ही समजूत सोडून द्या.

एक बारीक गोष्ट आहे, पण तुमच्या बाबतीत महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पण त्या दिवशी जे खटले चालू होते, ते जुन्या संहितेनुसारच पुढे चालतात. तुमच्या समन्सवर ‘सी.सी. नं.’च्या, म्हणजे खटल्याच्या नंबराच्या, पुढे २०२२ साल असेल, तर तुमचा खटला जुन्या संहितेतला. म्हणून खाली मी जुनी कलमं देतेय. अर्ज लिहिणाऱ्या वकिलानं नवीन नंबर टाकले, तरी कोर्ट त्यावरून अर्ज फेकून देणार नाही. पण जुने टाकलेले बरे.

आता कागद खरा आहे का, ते. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ पुसलीत, त्याबद्दल मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. हल्ली खोट्या कागदांवरही अशोकस्तंभ असतो. पण हवालदारानं आणलेला कागद पुसता येत नाही, तेव्हा तो नीट वाचून घ्या. कराडात एखाद्या उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर कन्नड वाचणारा माणूस सहज भेटेल. त्याच्याकडून एवढ्या गोष्टी काढून घ्या: कोर्टाचं नाव, सी.सी. नंबर, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर, तारीख, वेळ. तुमच्या नावाजवळ ‘साक्षी’ लिहिलंय ना, ते बघा. कन्नडमध्येही तोच शब्द आहे. कर्नाटकात नावापुढे ‘सी.डब्ल्यू.’ आणि एक आकडा असतो. तो चार्जशीटमधल्या साक्षीदारांच्या यादीतला तुमचा नंबर. खाली न्यायाधीशांची किंवा कोर्टाच्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का हवा.

मग मुलाला ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर बसवा. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल आणि केस नंबर टाकला की खटला सापडतो. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. कर्नाटकातला असेल तर सुरुवात ‘केए’नं होते. तिथे पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. टप्पा पुराव्याचा असेल आणि तारीख समन्सशी जुळत असेल, तर कागद खरा. एक कायमचं लक्षात ठेवा. कुठलंही कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि खात्यात पैसे भरायला सांगत नाही. तसं कुणी सांगितलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

साठीचं म्हणाल, तर दुकानातल्या त्या गृहस्थांनी अर्धंच वाचलंय. ती सवलत पोलिसांच्या नोटिशीला आहे. तपास चालू असताना पोलीस अधिकारी साक्षीदाराला ठाण्यात बोलावू शकतो, पण फक्त आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला. त्यातही स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं आणि वयस्कर माणसं यांना घराबाहेर बोलावता येत नाही. वयस्कर म्हणजे जुन्या संहितेत ६५ च्या पुढे, नव्या संहितेत ६० च्या पुढे. म्हणजे कर्नाटकातल्या एखाद्या फौजदारानं तुम्हाला फोनवर ‘उद्या ठाण्यात या’ म्हटलं असतं, तर ‘मी तुमच्या हद्दीत राहत नाही, माझ्या घरी या’ म्हणायचा तुम्हाला हक्क होता. कोर्टाच्या समन्सला ही सूट नाही. ८५ वर्षांच्या आजोबांनाही साक्षीला बोलावता येतं. मी त्यांना पिंजऱ्यात खुर्ची दिलेली पाहिलीय.

गेलाच नाहीत, तर काय होतं? सहसा पहिल्यांदा जामीनपात्र वॉरंट निघतं. पोलीस घरी येतात, ठरलेल्या रकमेचा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) किंवा जामीन लिहून घेतात आणि तारखेला हजर राहायला सांगून जातात. तेही टाळलंत, तर अजामीनपात्र निघू शकतं, आणि मग पोलीस तुम्हाला गाडीत घालून तिकडे नेणार. योग्य कारणाशिवाय न आलेल्या साक्षीदाराला कोर्ट तुमच्या जुन्या संहितेच्या कलम ३५० खाली १०० रुपयांपर्यंत दंड करू शकतं. नव्या संहितेत तो आकडा ५०० झालाय. वेगळा गुन्हाही होऊ शकतो. तो आज घडेल, म्हणून त्याला शिक्षांचा नवा कायदा लागतो. त्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ मध्ये कोर्टात हजर राहण्याचा हुकूम जाणूनबुजून मोडल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. साक्षीदाराला त्यात शिक्षा झालेली मी फार कमी पाहिलीय. वॉरंट मात्र रोज निघतात. ते घरी आलं की शेजारीपाजारी काय ते समजतात, आणि ‘नाही हो, मी साक्षीदार आहे’ हे सांगत फिरावं लागतं.

कलम ३५० मध्ये ‘योग्य कारण’ हे शब्द आहेत, आणि ते कारण कोर्टाला कळलं तरच ते कारण. मनात ठेवलेल्या गुडघ्यांच्या दुखण्याला रोजनाम्यात जागा नसते.

म्हणून चोवीस दिवस वाया घालवू नका. या आठवड्यातच कोर्टाला अर्ज करा. तुमच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे, जो बहुतेक साक्षीदारांकडे नसतो. तुम्ही त्या मुलाला दवाखान्यात नेलंत. अपघातात मदत करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं त्या बंधनकारक केल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. त्या २०१५ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की अशा मदतकर्त्याचा छळ आणि गैरसोय टाळण्यासाठी त्याची साक्ष घेताना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा भरपूर वापर करावा. ही ओळ कुणी स्वतःहून तुम्हाला दाखवणार नाही. अर्जात तुम्हीच लिहायची.

व्हिडिओवरून साक्ष ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईतल्या एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घेता येईल का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालात कोर्ट म्हणालं, घेता येईल, आरोपीसमोर साक्ष झाली असंच ते धरायचं. न्यूयॉर्कहून चालतं, तर कराडहून का नाही? पुढे हायकोर्टांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे आपापले नियमही केले. घरच्या सोफ्यावरून मात्र सहसा चालत नाही. तुम्हाला कराडच्या कोर्टात जाऊन तिथल्या कॅमेऱ्यासमोर बसावं लागेल. ओळखपत्र दाखवायचं आणि शेजारी कुणी उत्तर सुचवणारं नको, एवढी काळजी तिथला कर्मचारी घेतो.

अर्ज इंग्रजीत करा. तिथल्या कोर्टाची भाषा कन्नड असली, तरी इंग्रजी अर्ज अडत नाही. मोठमोठी वाक्यं नकोत. मजकूर साधारण असा:

‘सी.सी. नं. अमुक/२०२२ मध्ये मला तमुक तारखेला साक्षीसाठी समन्स मिळालं आहे. साक्ष देण्यास माझी पूर्ण तयारी आहे. मी ६३ वर्षांचा असून कराड, जि. सातारा येथे राहतो. दोन्ही गुडघ्यांच्या आजारामुळे लांबचा प्रवास त्रासाचा आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अपघातातील जखमीला मी दवाखान्यात नेलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या ३० मार्च २०१६ च्या निकालानुसार माझी साक्ष कराड येथील न्यायालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे घ्यावी, किंवा कलम २८४ नुसार कमिशन काढावं, ही विनंती. मला मराठी व हिंदी समजतं, कन्नड समजत नाही. दुभाष्याची सोय व्हावी. मोबाइल नंबर सोबत आहे.’

‘माझी पूर्ण तयारी आहे’ हे वाक्य दुसऱ्याच ओळीत ठेवलंय, ते तिथेच राहू द्या. न्यायाधीशांच्या टेबलावर रोज दहा अर्ज ‘येऊ शकत नाही’ म्हणणारे असतात. देतो, पण इथून देतो, असं म्हणणारा वेगळा दिसतो.

कमिशन म्हणजे काय, तेही सांगते. साक्षीदाराला आणण्यात वाजवीपेक्षा जास्त वेळ, खर्च किंवा गैरसोय होणार असेल, तर तिथलं कोर्ट तुमच्या जिल्ह्याच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना, म्हणजे साताऱ्याला, तुमची जबानी नोंदवायला सांगू शकतं. व्हिडिओ आल्यापासून हे फारसं कुणी मागत नाही. पर्याय म्हणून ओळीत असू द्या.

अर्जासोबत समन्सची आणि आधारची झेरॉक्स, डॉक्टरांचा दाखला. दाखला ऑर्थोपेडिकचा आणि तारीख घातलेला हवा, ‘फिट नाही’ एवढी एक ओळ लिहिलेली चिठ्ठी नको. एक प्रत स्पीड पोस्टनं कोर्टाला, पावती जपून ठेवायची. एक प्रत तिथल्या सहायक सरकारी वकिलांना. त्यांचा फोन मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे समन्स आणणारा हवालदार. त्याला विचारा की तिकडच्या ठाण्याचा कोर्टाचं काम बघणारा माणूस कोण. हवालदाराकडून हवालदाराकडे असे नंबर पाच मिनिटांत जातात. साक्षीदाराला स्वतःचा वकील लावावा लागत नाही. सरकार पक्षाचे साक्षीदार म्हणून सरकारी वकीलच तुमची सरतपासणी घेणार आहेत, म्हणजे आधी तेच प्रश्न विचारणार आहेत. आधीच्या तारखेचं कोर्टानं विचारलंच, तर खरं सांगा. अनोळखी नंबरवरून पीडीएफ आली, फसवणूक वाटली. जुन्या संहितेत व्हॉट्सॲपनं बजावणी कुठे लिहिलेलीच नाही, ती इलेक्ट्रॉनिक सोय नव्या संहितेत आली. त्यामुळे ती चुकलेली तारीख फार मनाला लावून घेऊ नका.

आणि इथे बरेच जण घसरतात: अर्ज पोस्टात टाकला म्हणजे सुट्टी मिळाली, असं नाही. तो मंजूर होईपर्यंत समन्स जिवंत आहे. तारखेच्या चार दिवस आधी ई-कोर्ट्सवर बघा, सरकारी वकिलांना फोन करा. काहीच कळलं नाही, तर जायची तयारी ठेवा.

जायची वेळ आलीच, तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका. कराडहून मिरजमार्गे धारवाड-हुबळीकडे रेल्वे जाते, आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा. तिकीट फेकू नका. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारनं द्यावा असा हुकूम कोर्ट कलम ३१२ खाली करू शकतं, पण मागितल्याशिवाय तो होत नाही. साक्ष झाल्यावर न्यायाधीशांनाच म्हणायचं, ‘साहेब, भत्त्याचा हुकूम व्हावा.’ रक्कम बघून हसू येईल. तरी मागा.

सकाळी कोर्ट सुरू होण्याआधी अर्धा तास पोचा, बेंच क्लार्कला समन्स दाखवा आणि ‘साक्षीदार हजर’ असं नोंदवायला सांगा. मग बसायला जागा शोधा. सुप्रीम कोर्टानं २००० साली स्वर्ण सिंग खटल्यात साक्षीदारांच्या हालांवर फार कडक लिहिलं होतं. बसायची सोय नाही, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, दिवसभर ताटकळून शेवटी पुढची तारीख. पंचवीस वर्षांत पुष्कळ सुधारलंय. तरी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन जा.

पुढच्या तारखेची भीती सगळ्यांनाच असते. आमच्या कोर्टात गुजरातेतून आलेला एक टेम्पोवाला तीन वेळा साक्ष न होता परत गेला. चौथ्यांदा तो आला नाही, तेव्हा त्याच्यावर वॉरंट निघालं. त्या वॉरंटावर जावक क्रमांक मीच टाकला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की साक्षीदार हजर असताना त्याला न तपासता तारीख द्यायची नाही, दिलीच तर खास कारण लेखी नोंदवायचं, असं कलम ३०९ मध्ये आहे. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, हे कारण चालत नाही. तुमच्यावर ती वेळ आली तर उभं राहून नम्रपणे सांगा: ‘साहेब, मी कराडहून आलोय, वय ६३, आजच साक्ष व्हावी.’ साक्षीदाराला बोलायला बंदी नाही. तरीही तारीख पडली, तर हजेरीचा दाखला मागून घ्या आणि पुढच्या तारखेला व्हिडिओची विनंती तिथेच तोंडी करा. एकदा येऊन गेलेल्या माणसाचं कोर्ट जास्त ऐकतं.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही मराठीत बोललात, तर दुभाष्या देऊन तुमची जबानी कोर्टाच्या भाषेत नोंदवली जाईल. लिहून झाल्यावर ती तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवणं कलम २७८ नुसार गरजेचं आहे. दुपारच्या घाईत हे राहून जातं, आणि शिपाई पेन पुढे करतो. पेन हातात घेण्याआधी म्हणा, ‘एकदा सांगा, काय लिहिलंय.’ ‘ट्रक भरधाव होता’ आणि ‘ट्रक रस्त्यावर होता’ यात एका शब्दाचा फरक असतो.

२०२१ चा पोलीस जबाबही कन्नडमध्ये आहे आणि तुम्ही तो वाचलेला नाही, हे सरकारी वकिलांना आधीच सांगून ठेवा. उलटतपासात आरोपीचे वकील म्हणतील, जबाबात तुम्ही असं सांगितलं होतं, आज वेगळं सांगताय. तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगा. ट्रकचा नंबर आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. एवढ्या वर्षांनी ते कुणालाही खरं वाटेल. वेग किती होता, असं विचारलं तर आकडा ठोकून देऊ नका. ड्रायव्हरचा चेहरा पाहिला नसेल, तर समोर उभा असलेला माणूस तोच, असं म्हणू नका.

आता तो फोन. ‘हम देख लेंगे’ म्हणणाऱ्याच्या हातात काही नाही. साक्षीदाराला कोर्ट सोडतं किंवा ज्या पक्षानं बोलावलं तो त्याला वगळतो, आरोपीच्या बाजूचा माणूस नाही. तुम्ही गेला नाहीत, तर वॉरंट तुमच्या नावाचं निघेल, त्याच्या नाही. सध्या त्यात धमकी नाही, गोडवाच आहे. तरी नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या आणि सरकारी वकिलांना सांगा. पुन्हा आला तर एवढंच म्हणा, ‘मी कोर्टाशी बोलतोय,’ आणि ठेवून द्या. सूर बदलला, तर कराडच्या ठाण्यात लेखी द्या. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. महेंद्र चावला खटल्यातल्या डिसेंबर २०१८ च्या निकालापासून साक्षीदार संरक्षण योजनाही देशभर लागू आहे. तिचा अर्ज कसा करायचा, हे तेच सरकारी वकील सांगतील.

जाता जाता दिवाणी दाव्यांबद्दल, कारण गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका वाचकानं विचारलं होतं. तिथे साक्षीदाराचा खर्च ज्यानं बोलावलं त्यानं आधी कोर्टात भरायचा असतो. कोर्टाच्या हद्दीबाहेरच्या माणसाला जातीनं बोलवायला अंतराची मर्यादाही आहे. साधारण १०० किलोमीटर, आणि वाटेचा सहापैकी पाच हिस्से भाग रेल्वे, ‘आगबोट’ किंवा नेहमीच्या वाहनानं जाता येत असेल तर ५०० किलोमीटर. विमानाचं भाडं दिलं, तर त्यापलीकडूनही बोलावता येतं. फौजदारीत अशी मर्यादा नाही, म्हणून तुम्हाला ती उपयोगाची नाही.

राहिल्या वहिनी. त्यांचं नाव चार्जशीटच्या साक्षीदारांच्या यादीत असेल तरच त्यांना समन्स येईल. पोलिसांनी दवाखान्यात फक्त तुमचंच नाव लिहून घेतलं असेल, तर बहुधा येणार नाही. सरकारी वकिलांशी बोलाल तेव्हा तेवढं विचारून घ्या. नाव असलंच, तर दोघांची साक्ष एकाच दिवशी ठेवायची विनंती त्याच अर्जात घाला. मात्र तुमची साक्ष चालू असताना त्यांना बाहेर बसावं लागेल. दोघांनी रात्री बसून काय सांगायचं ते जुळवू नका. आरोपीचे वकील हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात.